कीविनॉचं तांबं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नाशिकची. लहानपणी पांडवलेण्याच्या डोंगराच्या आसपास चकाकणारे दगड गोळा करायचे, पुढे शिकायला म्हणून अमेरिकेत मिशिगनमधल्या होटनला आले आणि इथल्या खडकांनी पकडूनच ठेवलं. घरचे, मित्रमंडळी, इथे नव्याने शिकायला येणारी मराठी मुलं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही, तो भागच तसा आहे.

कीविनॉ नक्की कुठे आहे?

अमेरिकेच्या उत्तरेला लेक सुपीरियर नावाचं समुद्रासारखं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, त्यात दक्षिण किनाऱ्यावरून एक वाकडं बोट आत घुसल्यासारखी जमीन दिसते, तीच कीविनॉ पेनिन्सुला. राज्य मिशिगन, पण डेट्रॉइटपासून गाडीने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. या सगळ्या पट्ट्याला इथले लोक कॉपर कंट्री म्हणतात. होटन आणि हॅनकॉक ही समोरासमोरची दोन गावं, वर कॅल्युमेट, अगदी टोकाला कॉपर हार्बर, आणि नैर्ऋत्येला ऑन्टोनॅगन. हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या वर बर्फ पडतो, त्यामुळे दगड बघायला यायचं तर मे ते ऑक्टोबरमध्येच या.

तांब्याच्या खाणी तर जगात कितीतरी आहेत, मग इथलं एवढं कौतुक कशाला?

कारण इथे तांबं तांब्याच्याच रूपात सापडतं. जगात बहुतेक ठिकाणी तांबं दुसऱ्या कशाशी तरी जोडलेलं असतं, मुख्यतः गंधकाशी. आपल्याकडचं बघा, गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड, राजस्थानातलं खेतडी, झारखंडमधलं सिंगभूम, तिन्हीकडे मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र. ते दिसतं पितळेसारखं पिवळं, आणि त्यातून तांबं काढायचं तर दळा, फेसात तरंगवा, भट्टीत भाजा, गंधकाचा धूर सांभाळा, केवढा उपद्व्याप. कीविनॉला मात्र दगड फोडला की आत लालसर धातू, हातोडीने ठोकला तर चपटा होणारा, सरळ तांबंच. त्याला नेटिव्ह कॉपर म्हणतात, मराठीत आपण निखळ तांबं म्हणू. असं तांबं थोडंथोडं जगात बऱ्याच ठिकाणी सापडतं, पण साधारण १८४५ ते १९६८ या काळात या एका पट्ट्याने जवळपास ५० लाख टन निखळ तांबं दिलं, याच्या जवळपास जाणारी दुसरी जागा पृथ्वीवर नाही.

हे तयार कसं झालं? सोप्या भाषेत सांगा.

प्रयत्न करते. ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटायला लागला होता. आजच्या कॅन्सस राज्यापासून वर लेक सुपीरियरपर्यंत आणि तिथून वळून पुन्हा खाली मिशिगनमध्ये, अशी घोड्याच्या नालासारखी भेग पडली, लांबी सुमारे २,००० किलोमीटर. खंड पूर्ण फाटला असता तर मध्ये समुद्र झाला असता, पण हे फाटणं अर्ध्यात थांबलं. थांबेपर्यंत मात्र त्या भेगेतून बसाल्टचा लाव्हा इतका ओतला गेला की थरावर थर बसून कित्येक किलोमीटर जाडी झाली. कीविनॉवर जो भाग आज उघडा दिसतो त्यातच दोनशेहून जास्त लाव्हाचे प्रवाह मोजलेत, आणि त्यातला एक प्रवाह, ग्रीनस्टोन फ्लो म्हणतात त्याला, काही ठिकाणी ४०० मीटरपेक्षा जाड आहे, एकच प्रवाह, नुसता विचार करून बघा.

दोन प्रवाहांच्या मधे कधीकधी बराच काळ जायचा, तेवढ्यात नद्या वाहायच्या, गोटे-वाळू आणून टाकायच्या, मग पुन्हा लाव्हा. त्यामुळे बसाल्टच्या थरांमध्ये मधेमधे गोट्यांचे लाल थर अडकलेत, हे कॉंग्लोमरेट. लाव्हा थांबल्यावर त्या खोलगट भागात वरून आणखी गोटे, चिखल, वाळू असा किलोमीटर-किलोमीटर गाळ साठला आणि खालचा बसाल्ट खोल गाडला गेला.

आता खरी गोष्ट. खोल गाडलेला बसाल्ट तापला, त्यातली खनिजं बदलायला लागली, आणि या बदलात गरम पाणी सुटलं. साध्या बसाल्टमध्येही तांबं असतंच, दर दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग, म्हणजे नगण्य. पण खडक किती होता ते आठवा. त्या पाण्याने जाता जाता हे नगण्य तांबं धुवून घेतलं. मग पूर्वेकडे दूरवर दुसरा भूखंड येऊन आदळत होता त्याचा दाब इथपर्यंत पोचला, ताणलेली जागा उलट आवळली गेली, भेगा आणि फॉल्ट, म्हणजे खडक सरकून पडलेल्या चिरा, उघडले, आणि ते गरम पाणी वर चढलं. वर जिथे पोकळी, भोकं, फट मिळेल तिथे शिरलं, थंड झालं, आजूबाजूच्या खडकाशी त्याची क्रिया झाली आणि तांबं तिथेच बसलं. तापमान साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास. लाव्हा थंड झाल्यावर तीन-चार कोटी वर्षांनी हे घडलं, म्हणजे लाव्हाबरोबर तांबं आलं हा जो बऱ्याच जणांचा समज असतो तो बरोबर नाही, लाव्हाने फक्त घर बांधलं, तांबं राहायला नंतर आलं.

गंधक का नाही मग त्यात?

लाव्हा समुद्राखाली नाही तर उघड्या जमिनीवर ओतला गेला, त्यामुळे त्यातला गंधक वायू होऊन हवेत निघून गेला. पुढे त्या खडकातून सुटलेल्या पाण्यातही गंधक फारसा नव्हता. जोडीदारच नाही म्हटल्यावर तांबं एकटंच बसलं. शिवाय लाव्हाच्या प्रवाहांचे वरचे भाग हवेने गंजून लाल झालेले होते, आपल्याकडे घाटात दोन कातळांच्या मधे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो ना तसे, त्या परिस्थितीतही तांबं धातू म्हणून टिकू शकतं.

सह्याद्री पण बसाल्टच की! मग आपल्याकडे तांबं का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि खरं सांगायचं तर मी इथे थांबले ती याच प्रश्नामुळे. पहिल्या वर्षी इथल्या एका टाकाऊ दगडांच्या ढिगावर उभी होते, हातात भोकाभोकांचा काळपट दगड, अगदी आपल्या विहिरीच्या खोदकामात निघतो तसाच. नाशिकला अशा भोकांत पांढरं स्टिलबाइट नाहीतर हुलँडाइट, ही झिओलाइट गटातली खनिजं, बघायची सवय, आणि इथे त्याच भोकात तांब्याचा मणी. दोन घरं एकाच नकाशावर बांधलेली, भाडेकरू मात्र वेगळे.

तर फरक कुठे पडला? दख्खनचा बसाल्ट ६.६ कोटी वर्षांचा, कीविनॉचा ११० कोटींचा, पण नुसतं वय हे कारण नाही. मुख्य कारण म्हणजे आपला बसाल्ट खोल गाडला गेलाच नाही. घाटात जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत आहे, वरून मोठा गाळ साठला नाही, थर आजही बहुतेक ठिकाणी आडवेच आहेत, म्हणून तर किल्ल्यांना ते सरळसोट कडे आणि पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर. आपल्या खडकातून जे पाणी फिरलं ते बऱ्याच कमी तापमानाचं, त्यात सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळून भोकांत झिओलाइट बनायला ते पुरेसं होतं, तांबं धुवून काढून एका जागी आणून ठेवायला पुरेसं नव्हतं. खालून भाजणारी भट्टी नाही आणि वर नेणारे मोठे फॉल्टही तसे नाहीत. कीविनॉला हे सगळं जुळून आलं.

पण याची दुसरी बाजूही बघा. कमी तापमानामुळेच आपल्याकडे जगातले सर्वात सुंदर झिओलाइट आणि अपोफिलाइट आहेत, जळगाव, नाशिक, अहिल्यानगर, पुण्याजवळच्या वाघोलीचं ते निळंशार कॅव्हनसाइट. इथल्या म्युझियममध्ये भारतातले नमुने काचेमागे मानाने ठेवलेले बघितले की बरं वाटतं. आपल्याकडे रस्त्याला खडी पाडताना यातलं किती क्रशरमध्ये जातं ते आठवलं की तेवढंच वाईटही वाटतं.

दोन्हीकडे सारखं असं काहीच सापडत नाही का?

सापडतं ना. मुंबईत मालाड-कांदिवलीच्या जुन्या दगडखाणींमधलं हिरवट प्रेहनाइट प्रसिद्ध आहे, तेच प्रेहनाइट कीविनॉला तांब्याच्या सोबतीने ढिगांनी आहे. प्रेहनाइट झिओलाइटपेक्षा जास्त तापमानाला बनतं. मुंबई-पनवेलच्या बाजूला आपले थर समुद्राकडे वाकलेत आणि तिथला इतिहास घाटमाथ्यापेक्षा जास्त गडबडीचा आहे, त्याच्याशी हे जुळतं असं मला वाटतं. दुसरं म्हणजे पॉवेलाइट, मॉलिब्डेनमचं खनिज, त्याचे जगातले नावाजलेले स्फटिक आमच्या नाशिकच्या पांडवलेण्याजवळचे, आणि कीविनॉच्या खाणींमध्येही ते थोडं सापडलंय. ॲनल्साइम, लॉमॉन्टाइट, कॅल्साइट हे तर दोन्हीकडे.

खडकात तांबं नेमकं कुठे बसलेलं असतं?

तीन प्रकारच्या जागा आहेत. पहिली, लाव्हाच्या प्रवाहाचा वरचा भोकाळ भाग. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकतात, नंतर त्यात खनिज भरतं, बदामाच्या आकाराचे दाणे दिसतात, म्हणून अशा खडकाला अमिग्डलॉइड म्हणतात, ग्रीक भाषेत बदामाला तसाच काहीसा शब्द आहे. कियरसार्ज, ऑसिओला, प्युअबिक, बाल्टिक ही सगळी अशा थरांची नावं, आणि इथल्या बहुतेक खाणी याच थरांवर होत्या.

दुसरी जागा कॉंग्लोमरेट. गोट्यांमधल्या फटीत तांबं शिरून सिमेंटसारखं घट्ट बसलंय. यातला कॅल्युमेट अँड हेक्ला कॉंग्लोमरेट हा एकटा थर म्हणजे या जिल्ह्याचा राजा, सगळ्यात जास्त तांबं यानेच दिलं. कधीकधी तांबं एखाद्या गोट्याभोवती कवटीसारखं लपेटून बसतं, आतला दगड काढला की पोकळ वाटी हातात राहते, खाणीतले लोक त्याला स्कल म्हणजे कवटीच म्हणायचे.

तिसरी जागा म्हणजे थरांना आडव्या कापत जाणाऱ्या भेगा. एकूण उत्पादनात यांचा वाटा छोटा, पण अवाढव्य तुकडे बहुतेक इथलेच. १८५७ मध्ये ऑन्टोनॅगनजवळच्या मिनेसोटा नावाच्या खाणीत सुमारे ५०० टनांचा एकसंध तुकडा लागला.

५०० टन? मग तर लॉटरीच लागली असेल!

वाटतं तसं, पण असा तुकडा बाहेर काढणं हे दुखणं होतं. दगड असता तर सुरुंग लावून फोडला असता, तांबं फुटत नाही, वाकतं. मग माणसं तासन्‌तास छिन्नी-हातोडीने त्यात चर पाडत बसायची, एक छिन्नी धरणार, बाकीचे घण मारणार, तांब्याच्या लांबलांब पट्ट्या सुटत जायच्या, असा एकेक तुकडा कापून वर न्यायचा, मोठ्या तुकड्यांना महिने लागायचे. पैसा खरा मिळाला तो बारीक दाण्यांच्या खडकात, शंभर किलोला एक-दोन किलो तांबं, सुरुवातीला कॅल्युमेटच्या थरात त्याहून बरंच जास्त. तो खडक वाफेवर चालणाऱ्या प्रचंड घणांखाली कुटायचा, पाण्याने धुवायचा, जड तांबं खाली बसतं, हलकी वाळू वाहून जाते. मधल्या आकाराचे तुकडे, जे कुटायला मोठे आणि तसेच न्यायला सोपे, ते पिंपात भरून पाठवायचे, म्हणून त्याचं नाव बॅरल कॉपर.

सगळे थर आडवेच आहेत का तिथे?

नाही, कललेले आहेत. लेक सुपीरियरखाली अख्खा खडक परातीसारखा खोलगट आहे. परातीचा एक काठ म्हणजे कीविनॉ, तिथले थर वायव्येकडे सरोवराखाली उतरतात. समोरचा काठ म्हणजे आयल रॉयल नावाचं बेट, तिथले थर उलट दिशेने उतरतात. दोन्ही काठांवर तेच खडक, दोन्हीकडे तांबं, बेटावर कमी. थर कललेले म्हणून खाणीही तिरप्या. हॅनकॉकच्या क्विन्सी खाणीचा दोन नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची विहीर, थराच्या उतारावरून ९,२६० फूट खाली गेलाय, पावणेतीन किलोमीटरच्या वर.

चांदीपण मिळते म्हणतात, खरं का?

हो. निखळ चांदी तांब्याच्या सोबत मिळते, कधी एकाच तुकड्यात अर्धं तांबं अर्धी चांदी, मिसळलेली नाही, शेजारी शेजारी, रंगाची सीमारेषा स्पष्ट दिसते. खाणकामगार असे तुकडे खिशात घालून घरी न्यायचे, म्हणून जितकी सापडली तितकी हिशोबात आली नाही.

तांब्याशिवाय बघण्यासारखं काय?

भरपूर आहे. माझं सगळ्यात आवडतं डॅटोलाइट. इतर ठिकाणी याचे काचेसारखे स्फटिक होतात, इथे मात्र गोळे होतात, बाहेरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत आणि कुरूप, कापून पॉलिश केले की आत चिनीमातीसारखा गुळगुळीत पांढरा, गुलाबी, पिवळा, नारिंगी रंग, बरेचदा आत अडकलेल्या तांब्याच्या बारीक कणांमुळे आलेला. मग पंपेलाइट, हे खनिज जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं ते इथलंच, १९२५ मध्ये, आणि इथे काम केलेल्या राफाएल पंपेली या भूशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. त्याचीच एक जात कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली, क्लोरॅस्ट्रोलाइट, १९७२ पासून ते मिशिगनचं राज्यरत्न आहे. पारदर्शक कॅल्साइटच्या आत तांबं गोठून बसलेलं दिसतं ते तर बघतच राहावं असं, दिव्यासमोर धरलं की आतून तांबूस उजेड. शिवाय एपिडोट पिस्त्याच्या रंगाचं, लालसर फेल्डस्पार, क्वार्ट्ज. मोहॉक खाणीत तांबं आणि आर्सेनिकची खनिजं निघाली, डोमेकाइट आणि अल्गोडोनाइट, मिसळलेल्या दगडाला व्यवहारात मोहॉकाइट म्हणतात. पॉलिश केल्यावर चांदीसारखं दिसतं, पण आर्सेनिक आहे, घरी घासायला-कापायला जाऊ नका आणि गरम तर अजिबात करू नका.

तांबं कळकतं ना? मग तिथे सगळं हिरवंगार असायला पाहिजे.

वरवर कळकतंच, मॅलाकाइटचा हिरवा थर, क्युप्राइटचा लाल, टेनोराइटचा काळा असतो. पण जाड हिरवे साठे नाहीत, कारण हिमयुगात बर्फाच्या लाद्यांनी वरचा कळकलेला भाग खरवडून नेला. त्याच बर्फाने तांब्याचे तुकडेही उचलले आणि खाली आयोवा, इलिनॉय, इंडियानापर्यंत नेऊन टाकले, त्याला फ्लोट कॉपर म्हणतात. घासून गुळगुळीत झालेले हिरवे गोळे, शेतात नांगराला लागतात. सरोवराच्या तळावरून २००१ मध्ये वर काढलेला एक सपाट तुकडा पंधरा टनांहून जड आहे, तो होटनला सीमन मिनरल म्युझियमच्या आवारात ठेवलाय, हात लावून बघता येतो.

सगळ्यात आधी हे तांबं कुणी काढलं? कुठेतरी वाचलं की फिनिशियन लोक जहाजाने येऊन घेऊन गेले.

फिनिशियन नाही, भूमध्य समुद्रातले दुसरेही कुणी नाही. त्या गोष्टीला कसलाही पुरावा नाही, आणि मला त्या गोष्टीचा राग येतो, कारण ज्यांनी खरंच केलं त्यांचं श्रेय ती हिरावून घेते. कीविनॉ आणि आयल रॉयलवर हजारो खड्डे आहेत, दगडी हातोड्या सापडल्यात, आणि इथल्या मूळ लोकांनी निदान सात हजार वर्षांपूर्वीपासून हे तांबं काढून भाल्याची टोकं, सुऱ्या, आरी, गळ बनवलेत. वितळवलं नाही. ठोकलं, ठोकून कडक झालं की विस्तवात लाल करून मऊ केलं, पुन्हा ठोकलं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चाललेलं ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं समजवायला नको, तांबं ठोकलं की ताठर होतं आणि भट्टीत टाकलं की नरमतं हे ज्ञान हातालाच असतं. १८४७-४८ च्या हिवाळ्यात सॅम्युअल नॅप याला मिनेसोटा खाणीच्या जागी एक जुना खड्डा सापडला, त्यात सुमारे सहा टनांचा तांब्याचा तुकडा लाकडी ओंडक्यांच्या टेकूवर उचलून ठेवलेला होता.

इथल्या मूळ लोकांपैकी ओजिब्वेंसाठी तांबं पवित्र. ऑन्टोनॅगन नदीकाठचा जवळपास १,७०० किलोचा प्रसिद्ध तुकडा १८४३ मध्ये उचलून नेला, तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. इथल्या ओजिब्वे समाजाने तो परत मागितला, मिळाला नाही. मला विचाराल तर तो नदीकाठीच शोभला असता.

मग कंपन्या कधी आल्या?

१८४१ मध्ये डग्लस होटन या राज्याच्या भूशास्त्रज्ञाने तांब्याबद्दल अहवाल दिला, त्यात त्याने उगाच आशा लावून घेऊन धावत येऊ नका असंही बजावलं होतं. १८४२ च्या ला पॉइंट करारात ओजिब्वेंची जमीन सरकारकडे गेली आणि लोक धावतच आले. होटन स्वतः १८४५ च्या ऑक्टोबरमध्ये लेक सुपीरियरच्या वादळात बुडाला, वय फक्त ३६. त्याच वर्षी क्लिफ खाण सुरू झाली, नफा देणारी इथली पहिली. १८६४ मध्ये एडविन हल्बर्टने कॅल्युमेट कॉंग्लोमरेट शोधला, आणि नंतर बरीच वर्षं अमेरिकेच्या तांब्यातला मोठा वाटा या टीचभर पट्ट्यातून निघत होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून खाणीत मुरलेली माणसं आली, मागोमाग फिनलंड, इटली, क्रोएशियामधून. कॉर्निश लोकांची पास्टी इथे अजून सगळीकडे मिळते, मांस-बटाटा भरलेली मोठी तिखटामिठाची करंजीच म्हणा, कामगार ती डब्यात घेऊन खाली उतरायचे.

या संपत्तीची किंमत खाली उतरणाऱ्यांनी दिली. १९१३ च्या जुलैमध्ये मोठा संप झाला, एकट्या माणसाने चालवायचं नवं ड्रिल हे त्यातलं एक कारण, सोबत कुणी नाही म्हणजे अपघात झाला तर बघायलाही कुणी नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला कॅल्युमेटच्या इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम चालू असताना आग लागल्याची खोटी आरोळी उठली आणि जिन्यावर चेंगरून ७३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. तिथे आता फक्त दाराची कमान उभी आहे. मी दरवर्षी तिथे जाऊन येते.

तांबं संपलं म्हणून खाणी बंद पडल्या का?

संपलं नाही, परवडेना. खाणी खोल होत गेल्या, दगडातलं प्रमाण कमी झालं, आणि तिकडे माँटाना, ॲरिझोना, यूटामध्ये मोठ्या खाणी आल्या, त्यातल्या उघड्या खाणींमध्ये यंत्रांनी डोंगरच्या डोंगर उचलता यायचा. क्विन्सी १९४५ मध्ये थांबली, कॅल्युमेट अँड हेक्ला कंपनी १९६८ च्या संपात बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. आता शाफ्टमध्ये पाणी भरलंय.

व्हाइट पाइनची खाण त्यातच येते का?

शेजारी येते, पण वेगळी. तिथलं तांबं बसाल्टमध्ये नाही, त्याच्यावर साठलेल्या नॉनसच शेल या काळ्या चिखलाच्या खडकात आहे, आणि मुख्यतः चाल्कोसाइट, म्हणजे गंधकासोबतचं. चिखलात गंधक होता, जोडीदार मिळाला. १९५३ ते १९९५ अशी ती मोठ्या प्रमाणावर चालली.

पर्यावरणाचं काय?

इथे हात आखडून लिहिता येणार नाही. कुटलेल्या दगडाची काळपट वाळू, स्टॅम्प सँड, वर्षानुवर्षं पाण्यात ओतली. एकट्या टॉर्च लेकमध्ये सुमारे २० कोटी टन गेली, १९८६ मध्ये ते सरोवर अमेरिकेच्या धोकादायक प्रदूषित जागांच्या यादीत आलं. गे नावाच्या गावाजवळची वाळू लेक सुपीरियरच्या लाटांबरोबर किनाऱ्याने सरकत बफेलो रीफवर चाललीय, तिथे ट्राउट आणि व्हाइटफिश अंडी घालतात, आणि त्या माशांवर ओजिब्वे कोळ्यांचं पोट आहे. त्या वाळूत उरलेलं तांबं आपल्याला किरकोळ वाटतं, पाण्यातल्या बारीक जिवांना ते विषच. तिथे उभं राहिलं की किनाऱ्यावर गवताचं पातंही दिसत नाही.

तिथे येऊन दगड उचलता येतात का?

काही ठिकाणी. जुन्या खाणींबाहेरचे टाकाऊ दगडांचे ढीग बहुतेक खाजगी मालकीचे आहेत, विचारून जा, काही ठिकाणी पैसे भरून शोधू देतात. राज्याच्या जमिनीवर वर्षाला २५ पौंड वजनाची मर्यादा आहे. आयल रॉयल नॅशनल पार्क आहे, तिथून खडाही उचलायचा नाही. उघड्या जुन्या शाफ्टच्या जवळपास तर फिरकूच नका. दगड ओळखायची साधी युक्ती, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागतो, हातोडी मारली तर तुटण्याऐवजी दबतो, आणि नखाला टोचणारी वाकडीतिकडी टोकं लागतात. इथे बरेच लोक मेटल डिटेक्टर घेऊनच फिरतात. खाण आतून बघायची तर हॅनकॉकला क्विन्सीची टूर घ्या, जून असला तरी जाकीट न्या, आत सहा-सात अंश असतं.

घरी आणलेला तुकडा साफ कसा करू, चिंच लावू का?

आधी तुकडा नीट बघा. नुसतं तांबं असेल तर चिंच, लिंबू-मीठ चालेल, घरच्या घंगाळ्याला करतो तसंच, नंतर भरपूर पाण्याने धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर दोन दिवसांत पुन्हा कळकतं. पण सोबत पांढरं कॅल्साइट असेल तर कुठलंही आंबट लावू नका, आम्लात ते विरघळतं. मी सुरुवातीला हीच चूक केली, कॅल्साइटमध्ये अडकलेली तांब्याची सुंदर फांदी होती, रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवली आणि सकाळी भांड्यात फक्त तांब्याची काडी उरली होती. तसा तुकडा असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस. आणि हिरवा थर जुना, घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नका, तसाच ठेवा.